साळव्यांकडचं जेवण

अनुपमा उतेकरच्या पोटात जठराच्या वरच्या टोकाला एक पट्टा बसवलेला आहे, हे तिचा नवरा, मुंबईतला भाऊ आणि पट्टा बसवणारे डॉक्टर सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. पट्ट्याची बारीक नळी पोटाच्या कातडीखालच्या एका गोल डबीला जोडलेली होती. डॉक्टर त्या डबीत सुईने पाणी सोडत, की पट्टा आवळला जाई आणि घास उतरायची वाट अरुंद होई. मग थोडं खाल्लं तरी पोट भरे. मात्र प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावायचा आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. एखादा घास घाईने गेला तर तो छातीत दगडासारखा बसे, तोंडाला लाळ सुटे, आणि वर आल्याशिवाय सुटका नसे.

त्याआधी ती इतकी जाड होती की वडापच्या जीपमध्ये तिला दोघांची जागा लागे, आणि ड्रायव्हर तसं बोलून दाखवी. पोलादपूरच्या ज्या शाळेत ती मराठी शिकवायची, तिथल्या मुलांनी तिला ठेवलेलं नाव तिने फळ्याकडे तोंड असताना ऐकलं होतं. गुडघे बोलू लागले, साखर वाढली. शेवटी भाऊ अरविंदने मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीला बोलावून घेतलं आणि ऑपरेशन करवून आणलं. गावी सांगायचं ठरलं की पित्ताचे खडे काढले. ठरवलं तिनेच. तिचा नवरा सुहास म्हणत होता, लपवायचं काय त्यात, गुडघा बदलला तर लोक सांगत फिरतात. अनुपमाला ते पटलं नाही. गुडघा आपला आपण झिजतो, खाणं आपण खातो. हिला स्वतःच्या तोंडाला आवर घालता आला नाही म्हणून डॉक्टरकडून पोटाला दावं बांधून घेतलं, असंच लोक म्हणणार. मनातून तिचंही तेच म्हणणं होतं.

वजन उतरलं तशा बायका विचारू लागल्या. ती सांगायची, सकाळचं चालणं आणि संध्याकाळनंतर काही खायचं नाही. हळदीकुंकवाला तिला मध्ये बसवून सल्ला विचारत, आणि ती देत असे. घरी परतताना तिला स्वतःची किळस येई. शाळेत ती सगळ्यांबरोबर डबा उघडत नसे. प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसून बाळाच्या चमच्याने मऊ वरणभात खाई आणि उरलेला कुत्र्याला घाली.

मग दीक्षा साळवे शाळेत विज्ञान शिकवायला आली आणि अनुपमाला बऱ्याच वर्षांनी मैत्रीण मिळाली. दोघी महाडहून सुटणाऱ्या एकाच एसटीने जात, अनुपमा महाडला चढे आणि दीक्षा वाटेत बिरवाडीच्या फाट्यावर. दीक्षा वयाने लहान, बोलायला मोकळी, हिला ताई म्हणे. तिच्या बाळंतपणात अनुपमाने तिचा वर्ग सांभाळला होता. दीक्षाचं सासर बिरवाडीच्या बौद्धवाडीत. नवरा नागसेन तिथल्याच एका कारखान्यात कामाला, घरात सासू मंजुळाबाई. दीक्षा जेवायला बोलवायची आणि अनुपमा आज गुरुवार, आज संकष्टी, आज पाहुणे, असं काहीबाही सांगून टाळायची. ती सगळ्यांचीच बोलावणी अशी टाळत असे, त्यामुळे तिला त्यात काही वाटलं नाही. आपण मराठ्याच्या घरच्या, आणि जिथलं जेवण आपण टाळतोय ते घर बौद्धवाडीतलं, ही गोष्ट तिच्या मनात आलीच नाही. अशी गोष्ट मनात न येणं काही माणसांना परवडतं. ती त्यातली होती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दीक्षा म्हणाली, "ताई, या रविवारी संकष्टी नाही, मी कॅलेंडर बघितलंय. आईंनी कोंबडा राखून ठेवलाय." ती हसत म्हणाली, पण हसणं नेहमीपेक्षा लवकर संपलं. अनुपमाला नाही म्हणवेना. वजन जरा चढल्यासारखं वाटलं म्हणून सुट्टीत तिने पट्टा नुकताच आवळून आणला होता. अशा वेळी काही दिवस पातळच खायचं असतं. रस्सा भुरकून वेळ मारून नेऊ, असं तिने ठरवलं.

रविवारी सुहास तिला वाडीपाशी सोडून पुढे कामावर गेला. साळव्यांच्या अंगणात बाळाची दुपटी वाळत होती. मंजुळाबाईंनी तांब्याभांडं आणून हातात दिलं. स्वयंपाकाचा वास घरभर होता, ताटं मांडली होती, आणि जेवणाच्या तोंडावर पाणी प्यायचं नाही हा नियम अनुपमाच्या अंगात मुरलेला. तिने भांडं हातात धरलं आणि तसंच भरलेलं खाली ठेवलं.

ताटात तांदळाची भाकरी होती, गावठी कोंबड्याचं सुकं होतं, भात होता. तिला चालेल असं वाटीतल्या रश्श्याखेरीज काही नव्हतं. मंजुळाबाई स्वतः जेवायला न बसता समोर बसल्या होत्या. घास किती आवडतोय ते बघायला बसतात तशा, त्यामुळे नुसता रस्सा भुरकून भागेना. तिच्या रीतीने एकेक घास चावत बसली असती तर सगळ्यांची जेवणं होऊन ताटं वाळली असती. तिने घाईने चावलं, घाईने गिळलं. दुसराच घास छातीत बसला.

दीक्षा बाळाबद्दल काहीतरी सांगत होती. अनुपमाला ऐकू येईनासं झालं. तोंडात लाळ भरली, डोळ्यांत पाणी आलं. मंजुळाबाई पुढे सरकल्या, भांड्यात पाणी ओतलं आणि तिच्या ओठांशी नेलं.

"पानी पी गो बाई, घास लागला तुला."

वरून पाणी गेलं तर छाती फुटेल अशी कळ येणार, हे तिला ठाऊक होतं. तिने तो हात झिडकारला. पाणी मंजुळाबाईंच्या लुगड्यावर सांडलं. अनुपमा उठून मागच्या दाराने धावली आणि परसात जाऊन सगळं ओकली.

वळून पाहिलं तर दारात मंजुळाबाई उभ्या होत्या. त्यांनी खाली पडलेल्या घासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आत गेल्या. अनुपमा तोंड धुऊन आली तोवर तिचं ताट उचललेलं होतं. ती म्हणाली की सकाळपासून पित्त झालंय.

"मग सकाळी फोन करायचा होता," दीक्षा म्हणाली.

नागसेनने न विचारताच मोटरसायकल काढली. महाडात शिरून गाडी चवदार तळ्याच्या कडेने गेली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की त्या घरात आत्ता काय घडलं. पाणी झिडकारण्याचा अर्थ महाडात कुणाला समजावून द्यावा लागत नाही. गाडीवर मागे बसल्या बसल्या तिला सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. उतरताना ती थँक्यू म्हणाली.

शाळेत भांडण वगैरे झालं नाही. दीक्षा तिला ताईच्या ऐवजी मॅडम म्हणू लागली आणि एसटीत पुढच्या बाकावर बसू लागली, एवढंच. बिरवाडीत खोली घेऊन राहणारे गणिताचे अनिल सर एकदा व्हरांड्यात तिच्या जवळ आले. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं.

"तुमची पंचाईत झाली म्हणे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही गेलात हेच पुष्कळ. आपल्याला नाही उतरत, त्याला कोण काय करणार."

अनुपमा काहीच बोलली नाही. अनिल सर समजुतीने मान हलवून वर्गावर गेले.

त्या दिवशी तिच्या घशाखाली रस्सासुद्धा उतरला नाही. मी तशी नाही, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, पण तेही सरळ म्हणता येईना. पोलादपूरच्या वरच्या वाडीत, तिच्या माहेरी, पडवीच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. तो कुणासाठी, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि त्यातून चहा पिऊन माणूस गेला की कप परत खोचायचं काम तिचंच असे. तरी तिला जास्त टोचत होतं ते दुसरंच. अनिल सरांसमोर ती गप्प राहिली, कारण ते जे समजले होते ते तिला सोयीचं होतं. विटाळ मानणारी बाई म्हणून लोकांनी ओळखलं तर चालेल, पोट बांधून घेतलेली बाई म्हणून नको, असं तिच्या मनाने केव्हाच ठरवून टाकलं होतं, तिला न विचारता.

तिने सुहासला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, साळव्यांकडे जाणार असशील तर मी येऊ का बरोबर. ती नको म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती रिक्षाने बिरवाडीला गेली. मंजुळाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. दीक्षा बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली आणि मॅडम, बसा, म्हणाली. अनुपमा उभीच राहिली. तिने पित्ताच्या खड्यांपासून सुरुवात केली आणि मध्येच शब्द सापडेनात, तेव्हा पदर बाजूला करून मंजुळाबाईंचा हात धरला आणि पोटावरच्या त्या डबीवर ठेवला.

"ह्ये काय गो, हाडावानी?" मंजुळाबाईंनी बोटाने चाचपलं.

अनुपमाने सांगितलं. घास का अडकतो, पाणी का चालत नाही, कोंबड्याचा घास बाहेर का पडला, सगळं. मंजुळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"पावसात घरात दाना नसायचा तवा आमी फडक्यानं पोट आवळून निजायचो," त्या म्हणाल्या. "आनी तू मुद्दाम आवळून घेतलंस."

त्या टोमणा मारत नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटत होतं. कुणीतरी हे बोलेल म्हणून अनुपमा इतकी वर्षं भीत आली होती. आता ते बोलून झालं होतं आणि ती अजून अंगणात उभी होती, तोंड लपवायला जागा नसल्यासारखी.

दीक्षा मात्र वितळली नाही. "तुम्ही गेल्यापासून आई मला विचारतायत, कोंबडा नीट धुतला नव्हता का आपण. या वयात स्वतःच्या स्वयंपाकघरातली भांडी हुंगून बघतायत. एक फोन करायचा होता तुम्ही."

"मला लाज वाटत होती," अनुपमा म्हणाली.

"ती लाज तुमची होती. आमच्या घरात कशाला ठेवून गेलात?"

अनुपमा तेवढ्यावर निघू शकली असती, पण तिने अनिल सरांचं बोलणंही सांगितलं, आणि आपण गप्प राहिल्याचंही. दीक्षाचा चेहरा उतरला. हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं, असं म्हणून ती बाळाला घेऊन आत गेली, ती परत बाहेर आली नाही. मंजुळाबाई मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत, सगळे शिक्षक डबे उघडून बसलेले असताना, अनुपमा अनिल सरांसमोर जाऊन उभी राहिली. तुम्ही समजलात ते खोटं आहे आणि मी तेव्हाच बोलायला हवं होतं, असं ती म्हणाली, आणि मग खरं काय ते सांगितलं. पट्टा हा शब्द उच्चारताना तिला वाटलं, आपले कपडे कुणीतरी ओढून काढतंय. अनिल सर डब्यात बघत राहिले. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या दीक्षाने मान वर केली नाही. बोलल्या त्या फक्त सेजल मॅडम. अनुपमाच्या सल्ल्यावर त्या कित्येक महिने संध्याकाळच्या उपाशी राहत होत्या, मध्ये एकदा प्रार्थनेला चक्कर येऊन पडल्याही होत्या.

"म्हणजे मी उपाशी झोपत होते ते कशासाठी?" त्यांनी विचारलं.

अनुपमाने त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही, आणि पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

नंतर ती मुंबईला जाऊन आली. डॉक्टर रागावले, इतक्यांदा उलट्या होत होत्या तर आधीच यायला हवं होतं म्हणाले, आणि पट्टा बराच सैल केला. घास उतरू लागला, आणि थोडं वजन परत आलं. ते आलेलं सगळ्यांना दिसलं, आणि आता कारणही सगळ्यांना माहीत होतं. ती स्टाफरूममध्ये डबा उघडू लागली. तिच्या चमच्याकडे लोक आधी टक लावून बघत, मग बघेनासे झाले. लाज काही गेली नाही. फक्त ती चारचौघांत घेऊन बसायची सवय होत गेली. दीक्षाचं मॅडम म्हणणं होळीपर्यंत चाललं. मग एकदा एसटीला गर्दी होती, तेव्हा जरा सरका ताई, म्हणत ती शेजारी येऊन बसली आणि पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी महाडच्या बाजारात सुक्या मासळीच्या दुकानापाशी मंजुळाबाई भेटल्या. रस्त्याच्या पलीकडूनच त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पोटाचा पट्टा कसा हाय गो?"

दुकानातली दोन-चार माणसं वळली. त्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीची आईही होती. अनुपमाच्या कानशिलांना चटका बसला. ऐकू न आल्यासारखं करून पुढे जाता आलं असतं. ती रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेली.

"सैल केलाय, आई. आता बरं हाय," ती म्हणाली. माहेरची बोली कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडात आली होती.

"मंग रयवारी ये. पेज करीन, मऊ."

"दीक्षाला विचारलंय का तुम्ही?"

"घर माजं पन हाय," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि दुकानदाराशी सुकटीच्या भावावरून हुज्जत घालू लागल्या.