शेलारच्या शाळेची कॅसेट

कौसल्याबाईंसमोर "जाऊ द्या" म्हणायची सोय नव्हती. तीस वर्षं शेलार गावच्या शाळेत शिकवलेल्या बाई त्या. हे शब्द ऐकले की त्यांचं डोकं फिरायचं. आणि प्रितेश सकाळपासून तोच जप करत होता.

"बाई, तिसऱ्यांदा झालं. कॅसेट गेलीय. जाऊ द्या ना."

"गप बस. चहा पी."

टेबलावर शाळेचा जुना कॉम्प्युटर होता. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावली की प्रोग्राम वाचून घेणारा. शाळेनं भंगारात काढला तेव्हा बाईंनी तो, पोरांनी लिहिलेल्या प्रोग्रामांच्या कॅसेटीसकट, रिक्षातून घरी आणला. प्रितेश निजामपुऱ्यात यंत्रमागांच्या मोटरी दुरुस्त करायचा, आणि असले कॉम्प्युटर जिवंत ठेवणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपातला खंदा गडी होता. महिनाभर खपून त्यानंच हा चालू केला, टेपरेकॉर्डरही साफ करून दिला.

समोर कमळ बसली होती. १९९० साली ती सातवीत होती. बाईंच्या हाताखाली तिनं एक प्रोग्राम लिहिला, परीक्षा झाली आणि बापानं शाळा सोडवली. आता कशेळीच्या गोदामात पॅकिंगला होती. मागच्या महिन्यात बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "माझं शाळेतलं काय बी न्हाय ऱ्हायलं बाई, त्या कॅसेटीवर हाय तेवढंच." बाईंनी तिथंच शब्द दिला, दाखवीन म्हणून. आता तो खोटा पडायची वेळ आली होती.

कॅसेट कर्कश ओरडायची, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे पळायचे, आणि शेवटी चूक झाल्याची तीच ओळ यायची. शिवाय दर फेरीला फितीची तपकिरी भुकटी, फीत वाचणाऱ्या हेडला चिकटत होती. आणखी एखाद-दोन फेऱ्या, मग फीत कोरी.

"तू या रेकॉर्डरला नेमकं काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांना करतो तेच. हेड पुसलं, स्क्रू फिरवून सरळ केलं. ग्रुपचा नियमच आहे. तुमचं तर चांगलंच वाकडं होतं."

बाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या! सावळाराम शिपायानं हा बाकावरून पाडला होता. तेव्हापासून बाहेरच्या कॅसेटी यात चालेनात, आमच्या मात्र मजेत चालायच्या. आम्ही भरल्याच होत्या वाकड्या हेडनं! तू सरळ केलंस, आता ते पोरांचं कसं वाचणार? किती वाकडं होतं, लिहून ठेवलंस?"

"असं कोण लिहून ठेवतं, बाई?" प्रितेशचा चेहरा पार उतरला.

"मग आण तो स्क्रूड्रायव्हर."

"अंदाजानं फिरवणार? आहे ती फीतही घासून जाईल!"

"सुरुवातीला माझ्या धड्याचा प्रोग्राम आहे. तो घासू दे. पोरांचं त्याच्या पुढं आहे."

"बाई, तुमचा धडा न्हाय जाऊ द्यायचा," कमळ कळवळून म्हणाली.

"माझा मला पाठ आहे."

कॉम्प्युटरची वायर काढून बाईंनी कान रेकॉर्डरच्या स्पीकरला लावला. धड्याचा तोच कर्कश आवाज सुरू झाला, पण गोधडीखालून यावा तसा दबका. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला. आणखी केसभर. आवाज मोकळा झाला, म्हणजे हेड फितीशी जुळत चाललं होतं.

"बस, बाई!" प्रितेश म्हणाला.

"अजून नाही."

धडा संपत आला होता. बाईंना भयंकर भीती वाटत होती, तरी त्यांनी आणखी जरासा पीळ दिला. आवाज असा धारदार झाला की कमळनं कानांवर हात ठेवले. बाईंनी टेप थांबवली, वायर खोचली आणि कमळचा प्रोग्राम लावला.

पट्टे पळाले. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, "साल?"

कमळनं एका बोटानं २०२५ दाबलं.

"कमळ ४८ वर्षे. बाई ७१ वर्षे. बाई अजून शिकवतात."

"अगो बाय माझे!" कमळनं पदर डोळ्यांना लावला. "ह्ये मी लिवलेलं? मला याद बी न्हाय."

बाईंनी कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि वाकड्या हेडच्या स्क्रूवर थेंब सोडून तो पक्का केला.

"तुझ्या ग्रुपात सांग, प्रितेश. आधी विचारायचं, मग सरळ करायचं. आणि हा प्रोग्राम आत्ताच्या आत्ता तुझ्या लॅपटॉपवर उतरव. फितीवर अजून अकरा पोरांचे प्रोग्राम आहेत."

मग त्यांनी कमळच्या प्रोग्रामच्या ओळी पडद्यावर काढल्या आणि चष्मा पुसला.

"हं, कमळ. सातवीपर्यंत आलो होतो आपण. चल पुढं."

"बाई, चारला ड्युटी हाय माझी."

"तासभर आहे अजून. खुर्ची पुढं घे."