कानातली काठी

आमचे आबा, महिपतराव, ग्वाल्हेर संस्थानच्या रिसाल्यात होते. घोड्यांना शिकवून उरलेली शिस्त ते माझ्यावर खर्च करीत. लहानपणी रोज सकाळी माधवगंजातल्या घरापासून देवळापर्यंत काठीच्या ठोक्यावर चालायचे: डावा, उजवा. पाऊल चुकले की पुन्हा घरापासून सुरुवात. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

पुढे संस्थान विलीन झाले आणि वय झाले म्हणून आबांना घरी पाठवले. तेव्हापासून ते कमीच बोलत. छप्पन साली मध्य भारत हे राज्यही मोडायचे ठरले, आमची कचेरी भोपाळला निघाली आणि माझ्या हाती बदलीचा हुकूम पडला. एकुलता एक मुलगाही चालला, हे आबांना कोणत्या तोंडाने सांगू? महिनाभर हुकूम खिशात घेऊन हिंडलो.

गणेशोत्सवात पाटणकर बाजारात समस्यापूर्ती असे. अध्यक्षांनी श्लोकाची शेवटची ओळ द्यायची, आधीच्या तीन आपण रचायच्या. त्या दिवशी अध्यक्ष दिनकररावांनी ओळ दिली: ‘निघालो तरी मी निघालोच नाही.’

माझ्या तिन्ही ओळी पाच मिनिटांत झाल्या. तिसरीत भोपाळ आपणहून येऊन बसला होता. म्हणायला उठलो आणि पाहतो तर मागच्या रांगेत आबा! कवितेच्या वाटेला कधी न जाणारे आबा!

दोन ओळी म्हटल्या. तिसरीला ‘अता दूर...’ म्हणालो आणि अडलो. पुन्हा ‘अता दूर...’ लोक कुजबुजू लागले.

तेवढ्यात मागून ठक्, ठक्. आबांना वाटले, पोराचे पाऊल चुकले! भर सभेत ते काठीने ठोका देत होते. दिनकररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण माझी जीभ त्या ठोक्यावर आपोआप चालू लागली. इतकी वर्षे ज्या तालात कविता लिहीत होतो तो कुठला, ते मला त्या क्षणी कळले. मी पहिल्यापासून म्हटले:

तुम्ही मोजली चाल माझी सकाळी,
मला राग होता, कळाले न काही;
अता दूर भोपाळ, कानात काठी,
निघालो तरी मी निघालोच नाही.

ठोका थांबला. टाळ्या पडल्या, पण आबा उठून बाहेर गेले. मी मागे धावलो. ते रस्त्यात उभे होते.

“सूर्याजी, कधी निघायचं?”

“एक नोव्हेंबरला.”

“आणि मला आज कळतंय. सगळ्या बाजाराबरोबर.”

“हिंमत होत नव्हती, आबा.”

“रिसाल्यातून काढलं ना मला, तेव्हा तुझ्या आईला सांगायला मलाही आठ दिवस लागले. रोज वर्दी घालून निघायचो, किल्ल्याखाली बसून परत यायचो.”

हे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते. मला रडू आले. मी त्यांच्या काठीला हात घातला.

“ही द्या मला, आबा. भोपाळला नेतो.”

“छोड!” आबा चक्क हसले. “तुझी तुझ्या कानात आहे, आत्ताच म्हणालास. ही मला लागते. जा तू, फिकीर नको करू. चल आता.”

आणि त्यांनी ठोका दिला. मी डावा पाय उचलला.