बँकेतली टोपली

आमच्या दादाला दुसऱ्याला शहाणं करायची भारी हौस. यवतमाळला कचेरीत कारकून लागला तेव्हापासून तर विचारूच नका. तांड्यावर आला की पाणी उकळून प्या, बिडी सोडा, पोरांना शाळेत घाला, असं त्याचं सुरू व्हायचं. आम्ही माना डोलवायचो आणि तो गेला की आपलं होतं तेच करायचो. त्याची एकच गोष्ट आम्ही ऐकली, आणि तीच आम्हाला भोवली.

साठ सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या तांड्यावर चोरी झाली. अंगणात झोपलेल्या बाईची टोपली चोरांनी केसांसकट कापून नेली. टोपली म्हणजे भाजीची नव्हे. आमच्या बंजारा बायकांच्या कानाजवळ, बटांत अडकवलेला चांदीचा जोड लोंबतो, ती टोपली. लग्नात सासू आपल्या हातानं ती बांधते. नवरा आहे तोवर बाई ती घालते, नवरा गेला की उतरवते. बाई आधी गेली तर आमच्या तांड्यात तिला टोपलीसकट नेतात, आणि सरणावर ठेवल्यावर नवरा ती सोडून घेतो. नुसतं डोकं पाहिलं तरी कळतं, हिचा धनी जिता आहे की नाही.

चोरीची बातमी ऐकून दादा त्याच आठवड्यात आला. नाव किसनसिंग, पण कचेरीत त्याला राठोडबाबू म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. आल्या आल्या तो याडीजवळ बसला. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

"याडी, तुही टोपली बँकेत ठेवू. लोखंडाची पेटी असते, लॉकर म्हणतात त्याले. दोन किल्ल्या. एक आपल्यापाशी, एक बँकेपाशी. दोन्ही लावल्याबिगर उघडतच नाई."

खाटेवरून बापू म्हणाला, "अन् मी जिता असून इनं बोडकी फिरायचं?"

"बोडकी कायले? वढणी हाय ना डोक्यावर. होळीले काढायची, दिवाळीले काढायची, घालायची, पुन्हा ठेवून द्यायची. पेटी याडीच्याच नावानं घेतो. इच्या अंगठ्याबिगर मी बी नाई उघडू शकत अन् बँकेचा साहेब बी नाई."

मला वाटलं, याडी आता झाडू घेऊन त्याच्या मागे लागते. पण तिनं विचारलं, "माह्या अंगठ्याबिगर कोणीच नाई?"

"कोणीच नाई."

"तुहा बाप बी नाई?"

"बापू बी नाई."

याडी हसली. तेव्हा मला त्या हसण्याचं काही कळलं नाही, नंतर कळलं. जमीन बापूच्या नावावर, घर बापूचं, गाय सुद्धा 'सेवादासची गाय'. याडीच्या लालीबाई या नावावर जगात काहीच नव्हतं. आता एक लोखंडी पेटी होणार होती.

आणि खरं सांगतो, तिला त्या पेटीचं वेड लागलं. बँकेत लॉकरचं काम सदाशिवराव नावाचे एक साहेब पाहायचे. ते उठून "या लालीबाई, बसा," म्हणायचे. तिला अहो-जाहो करणारा जन्मात भेटलेला तो पहिला माणूस. ती ऐटीत अंगठा उठवायची, जाळीच्या दारातून आत जायची, आधी साहेबांची किल्ली, मग तिची. पेटी मांडीवर घेऊन टोपली पाहत बसायची ती बाहेर यायचं नावच घ्यायची नाही. तांड्यावर येऊन बायकांना सांगायची, "आत काय थंडगार लागते, बाई!" बापू चिडवायचा, "चालली का तुह्या दुसऱ्या घरी?" ती म्हणायची, "हो, तिथं मले कोणी भाकर नाई मागत." किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिनं गळ्यात घातली होती. बटांत टोपलीच्या जागी लाल दोरा बांधायची. म्हाताऱ्या बायका कुजबुजायच्या, पण ती कुणाला जुमानणारी नव्हती.

तीन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात तिच्या पायांवर सूज आली. सूज चढत चढत हातांवर, तोंडावर आली. रात्री तिला आडवं होता येईना, बसून धापा टाकायची. दारव्ह्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि मला बाहेर बोलावलं. "दोन-चार दिवस. जे काय करायचं असेल ते करून घ्या," तो म्हणाला. मी आत आलो. तोंडावर काही दिसू दिलं नाही असं मला वाटत होतं. याडीनं एकदा पाहिलं आणि विचारलं, "शनिवारी बँक कधी बंद होते रे, हिरासिंग?"

"बाराले. काहून?"

"उद्या शनिवार हाय. बाराच्या आत मले तिथं न्या."

बापू एकदम तडकला. "मराच्या गोष्टी नको करू."

"मरन थोडंच माह्या हातात हाय? पर तुमी जिते असून मी रांडमुंड नाई जाणार. मले माही टोपली पायजे."

माझ्या बायकोनं आपल्या कानाजवळ हात नेला. "याडी, माही घ्या ना."

"तुहा नवरा समोर उभा हाय, पोरी. असं बोलायचं नसते," याडी म्हणाली. बायको रडायला लागली. दुसऱ्याची टोपली चालत नाही आणि नवी विकत आणलेलीही चालत नाही. सासूनं बांधली तीच. याडीला तीच पाहिजे होती, बाकी तिला काही नको होतं.

दादाला निरोप धाडला. सकाळी तांड्याजवळून शब्बीरचा कापसाचा ट्रक यवतमाळला जाणार होता. शब्बीर माझ्या ओळखीचा. त्यानं याडीकडे पाहिलं आणि क्लीनरला मागे कापसावर पाठवलं. "अम्मा कू इधर केबिन में बिठाव. मैं हौले हौले चलाता," म्हणाला. तो खरंच हळू चालवत होता, प्रत्येक खड्ड्याला ब्रेक. मला एकीकडे त्याचे पाय धरावेसे वाटत होते आणि दुसरीकडे ओरडावंसं वाटत होतं, की बाबा, पळव आता, बारा वाजतील. याडी बापूच्या खांद्यावर डोकं टाकून होती. मधून मधून विचारायची, "आलं का?"

बारा वाजायला थोडाच वेळ होता. दादा बँकेच्या पायरीवर उभा होता. त्यानं शिपायाला दार लावू दिलं नव्हतं. बापूनं याडीला उचललं आणि जाळीच्या दारासमोरच्या बाकावर बसवलं, आणि तिला धरून स्वतः शेजारी बसला. सदाशिवराव आले. तिला पाहून त्यांचा चेहराच उतरला. "लालीबाई, उठू नका, मी इथंच आणतो," म्हणत त्यांनी रजिस्टर बाकापाशी आणलं. तिचा अंगठा त्यांनीच हातात धरून शाईवर टेकवला. सुजलेला अंगठा, कागदावर नुसता काळा डाग उठला. जुन्या अंगठ्याशी तो कुठून जुळणार? सदाशिवरावांनी दोन्ही पाहिले आणि सही ठोकली.

"मी ओळखतो ना यांना," ते म्हणाले. "खरं तर त्यांनी आत यायला पाहिजे. पण इथून त्या दिसताहेत. मुलानं किल्ली लावली तरी चालेल."

बापूनं तिच्या गळ्यातला काळा दोरा काढला. तो सुजलेल्या मानेत रुतला होता. मी किल्ली घेऊन सदाशिवरावांच्या मागे आत गेलो. पेटी अगदी खालच्या ओळीत. त्यांनी वाकून आपली किल्ली घातली आणि फिरवली. मी गुडघ्यावर बसलो. खालच्या अंधारात भोकच सापडेना. मग सापडलं. किल्ली आत गेली.

तेवढ्यात बाहेर बापू ओरडला.

"लाली! लाली गंऽ!"

शेताच्या या टोकावरून त्या टोकाला मारायची हाक होती ती. अख्ख्या बँकेत घुमली. पैसे मोजणारे थांबले, शिपाई धावत आला, मॅनेजर खोलीतून बाहेर आला. दादाचा "याडी, याडी" आवाज आला. सदाशिवरावांचा हात माझ्या हातावर आला.

"थांबा."

ते बाहेर गेले. याडीचं मनगट धरून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. परत आले आणि त्यांनी आपली किल्ली उलटी फिरवून काढून घेतली.

मी म्हटलं, "साहेब, एकच आटा राह्यला. माही किल्ली लागली हाय."

"आता नाही उघडता येत. जिच्या नावाची पेटी ती वारली की पेटीला सील लागतं. कोर्टाचं वारसाचं प्रमाणपत्र आणावं लागतं."

"तिले जाळाचं हाय साहेब आज. कोर्ट कुठून आणू?"

दादा आत आला आणि त्यानं चक्क त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लोकांना नियम वाचून दाखवणारा आमचा राठोडबाबू. "मी लिहून देतो साहेब. सरकारी नोकर हाय मी. फक्त टोपली द्या, बाकी सारं ठेवून घ्या." बाकी त्यात काय होतं? काहीच नव्हतं. मागून मॅनेजर म्हणाला, "माफ करा, पण सगळ्यांसमोर झालंय हे. नियम तो नियम."

त्या नियमाचा मला राग आहे, पण तो मी गिळू शकतो. नोकरीचा प्रश्न असतो, पोटाचा प्रश्न असतो. मला जे गिळता येत नाही ते पुढचं. सदाशिवराव पाण्याचा पेला घेऊन बापूपाशी उकिडवे बसले. त्यांचे डोळे भरले होते. माणूस मनानं चांगला, वाईट म्हणताच येत नाही. त्याच चांगुलपणानं ते हळूच बोलले, "बाबा, तुम्ही ओरडला नसता तर मी उघडून दिलं असतं हो. मला आत काय कळणार होतं? दोन मिनिटांचा प्रश्न होता."

बापूनं त्यांच्याकडे पाहिलं. पाणी प्याला नाही. माझ्या मनात आलं, या भल्या माणसाचं तोंड फोडावं. काही खऱ्या गोष्टी माणसानं पोटातच ठेवाव्यात, एवढी अक्कल शिकलेल्यांना का नसते?

याडीला तांड्यावर आणलं. दादा मध्येच उतरून सोनाराकडून नवी टोपली आणतो म्हणाला, बापूनं नुसती नकारार्थी मान हलवली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, नवा फेटिया, म्हणजे आमचा घागरा, नेसवला, आणि केसांपाशी आल्यावर त्यांचे हात थांबले. शेवटी कुणीतरी डोक्यावरून ओढणी पुढे ओढली. आमच्यात मेल्यावर गळे काढून रडतात, गाण्यासारखं रडतात, त्या दिवशी तर सगळा तांडा रडला. सरणावर ठेवल्यावर तांड्याच्या नायकानं सवयीनं म्हटलं, "सेवादास, टोपली सोड," आणि जीभ चावली. बापू पुढे झाला. ओढणी बाजूला करून तिच्या बटांतला लाल दोरा तेवढा सोडला. सगळे म्हणाले, रड रे, मोकळा हो. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सरण विझेपर्यंत हात काढले नाहीत.

पेटी तिथंच आहे. कोर्टात पहिला वारस नवरा, आणि बापू कोर्टात जायला तयार झाला नाही. "कोणाच्या डोक्यावर बांधू आता?" म्हणाला. दादा दरसाल भाडं भरतो. तो आता तांड्यावर येतो तेव्हा कुणाला काही शिकवत नाही, भिंतीला टेकून बसतो आणि निघून जातो. पेटी पक्की आहे, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथं चोर पोचत नाही, वाळवी पोचत नाही, आणि आम्हीही पोचत नाही.

बापूचं बोलणं तुटलं नाही, पण आवाज गेला. जे काही बोलायचं ते अगदी जवळ येऊन, हळू. भाकर आली हे सांगायला अख्खं वावर तुडवत माझ्यापर्यंत यायचा. बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला तर हाकलायला धावत जायचा, तोंडातून हूं नाही की चूं नाही. एकदा माझी धाकटी पोर विहिरीकडे दुडदुडत गेली. तो तिच्यामागे असा पळाला की ठेचकाळून त्यानं गुडघे फोडून घेतले. पोर हाती लागली. मी वैतागून म्हटलं, "बापू, हाक तरी मारत जा ना! मी इथंच होतो."

"एकडाव मारली," तो म्हणाला.

त्यानंतर मी त्याला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं. त्याच्या त्या हाकेवर याडीचं मरण अवलंबून नव्हतं, ती जाणारच होती, हे मी त्याला शंभरदा सांगायला पाहिजे होतं. पण त्याला मरणाचं दुःख नव्हतंच. ती बोडक्यानं गेली आणि ते आपल्या तोंडानं झालं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं, आणि ते खोटं आहे असं कसं सांगणार?

पुढच्या वर्षी ज्वारी कापणीच्या दिवसांत तो धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे कडबा बांधत होता आणि मी अलीकडे कापत होतो. मला त्याच्या पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता. मग येईना. वाटलं, टेकला असेल सावलीत. भाकर आली तेव्हा मी त्याला बोलवायला गेलो.

तो पेंढीला टेकून बसला होता. घोट्यापाशी सापाच्या दातांच्या खुणा होत्या. धोतराची किनार फाडून त्यानं पिंढरी करकचून बांधली होती, विळ्यानं जखमेवर चीर दिली होती, रक्त पिळून काढलं होतं. म्हणजे त्याला जगायचं होतं, आणि ते सगळं करण्याइतका वेळही त्याला मिळाला होता. पाय ओढत तो माझ्या दिशेनं काही हात आलाही होता, माती तशी खरवडलेली होती.

मी धुऱ्याच्या अलीकडेच होतो. एक हाक पुरली असती.