निळ्या पेशी

"पुन्हा एकदा मोजता का, तात्या?" मॅडम म्हणाल्या.

तात्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून नकारार्थी मान हलवली. तीनदा मोजून झालं होतं. मेलेली पेशी निळा रंग शोषते, जिवंत पेशी शोषत नाही. सव्वीस वर्षं ते हेच मोजत आले होते. बाटलीवर नुसता आकडा असे. आत काय आहे ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. पण समुद्रशेवाळाच्या अर्काला पुसटशी हिरवट झाक असायची आणि तात्यांच्या नजरेतून ती सुटत नसे.

आज शंभरात एक्याऐंशी निळ्या.

"या निरोगी पेशी होत्या," मॅडम खुर्चीत टेकल्या. "म्हणजे अर्क सरसकट सगळ्यांनाच मारतोय. मात्रा कमी करून पहिल्यापासून बघू. दोनेक वर्षं गेली समजा."

तात्यांनी आकडा वहीत उतरवला.

दोन महिन्यांपूर्वी कर्करोगाच्या पेशी अशाच निळ्या झाल्या, तेव्हा मॅडमनी समजावलं होतं, "वेळ आली की मरायचं, हे प्रत्येक पेशीला ठाऊक असतं. कर्करोगाची पेशी ते विसरते. हा अर्क बहुधा तिला आठवण करून देतो." निरोगी पेशी मोजून होईपर्यंत हे दाराबाहेर न्यायचं नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. तात्यांना राहवलं नाही. त्यांनी घरी जाऊन थोरल्या बहिणीला, अक्काला सांगितलं. आईमागे तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. तिच्या छातीत गाठ होती आणि ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं.

"आठवण करून देतं?" अक्का हसली होती. "मग माझा चष्मा कुठे ठेवलाय तेही विचार त्याला."

दुसऱ्याच दिवशी तिने ऑपरेशनला नकार कळवला. रोज सकाळी किनाऱ्यावरून शेवाळ आणून ती उकळून पिऊ लागली. तात्या "डॉक्टरांना विचारू या का?" एवढंच पुटपुटत राहिले. आशा त्यांनाही लागली होती.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा अक्का फडक्यातून पाणी गाळत होती.

"अक्का, ते ठेव जरा."

"का रे? तोंड का असं उतरलंय?"

"निरोगी पेशीही मेल्या."

तिने फडकं पिळायचं थांबवलं. "म्हणजे मी विष पीत होते?"

"नाही गं. तू पितेस त्यात अर्क असा नसतोच. त्यानं गाठ जाणार नाही, आणि तुलाही काही व्हायचं नाही."

"नुसतंच खारट पाणी."

"हो."

"दोन महिने," ती म्हणाली. मग भांडं मोरीत ओतून दिलं. "उद्या सुट्टी मिळेल तुला?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली. हात धुतले. मग फाइल उघडून म्हणाल्या, "आजी, गाठ वाढलीय. आता आधी औषधं द्यावी लागतील, ऑपरेशनचं नंतर बघू. नको म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

तात्यांनी घसा खाकरला. "डॉक्टर, ते मी..."

"तू गप्प रे," अक्का म्हणाली. "मी घाबरले हो. सुरीला भ्यायले. हा बिचारा रोज म्हणत होता, चल म्हणून."

बाईंनी तसंच लिहून घेतलं: भीतीपोटी रुग्णाने स्वतःहून नकार दिला. मग फाइल तिच्याकडे वळवली. अक्काला ओळ नीट दिसेना. तात्यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्या बोटाला चिकटून तिने एकेक अक्षर सावकाश काढलं.