शिट्टी घरी ठेवून

गेल्या वेळी लेकीकडे राहून निघाले, तेव्हा स्टेशनवर तिने माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि सरळ स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "पुरे झालं, आई," म्हणाली. पोरीला सातवा महिना होता, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर तिची काय बिशाद!

मी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे. उंच खुर्चीवर बसायचं आणि लोकांवर ओरडायचं, यात माझा निम्मा जन्म गेला. ओल्या फरशीवर पळू नका. उथळ बाजूला सूर मारू नका. अहो काका, पोटभर खाऊन पाण्यात उतरता, लाज वाटते का? तलावावर मला शिट्टीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण कान शाबूत आहेत माझे. माझ्या खुर्चीसमोर आजवर कुणी बुडालं नाही, आणि कुणी मला वाढदिवसाला बोलावलंही नाही. म्हटलं, चालायचंच.

तर लेकीचे दिवस भरत आले. मी रजा मंजूर करून घेतली, बॅग भरून दाराशी ठेवली, आणि हिचा फोन. "आई, तू येऊ नकोस." मला वाटलं, ही माझी काळजी करतेय. कसलं काय! काळजी नवऱ्याची होती.

झालं होतं असं. गेल्या वेळी जावई गॅलरीत स्टुलावर चढून दिवा बदलत होता. स्टूल डुगडुगत होतं आणि साहेब एका पायावर. मी मारली शिट्टी. तो दचकला आणि धाडकन खाली. मनगट प्लास्टरमध्ये. लेक म्हणते, तुझ्या शिट्टीने पडला. मी म्हणते, पडणारच होता. यावर आमचं आजही एकमत नाही.

"घरात तान्हं बाळ असणार," लेक म्हणाली. "तू त्याच्या बापावर दिवसभर खेकसणार. मला ते झेपणार नाही गं." आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. एकुलती एक पोर, तिचं पहिलं बाळंतपण, आणि मी इथे अनोळखी लोकांच्या पोरांवर लक्ष ठेवत बसू?

मी विनवण्या केल्या. हो, मी! शेवटी तिने अट घातली. माझ्या गावाजवळच्या राष्ट्रीय उद्यानातल्या नदीवर एक दिवस एकटीने जायचं. पाणी असेल, माणसं असतील, पण कुणाला टोकायचं नाही, ओरडायचं नाही, शिट्टी नाही, डोळे वटारणंसुद्धा नाही. संध्याकाळी फोनवर खरं काय ते सांगायचं. "तू खोटं बोलत नाहीस, एवढं मला माहितीये," म्हणाली. पोरीने बरोबर नस पकडली होती.

गेले. बसमध्ये समोरच्याने पाय सीटवर ठेवले होते, बुटांसकट. मी खिडकीबाहेर पाहिलं. उद्यानाच्या फाटकावर एकजण पाटीसमोर उभा राहून माकडाला बिस्किट देत होता. पाटीवर काय लिहिलं होतं ते सांगायला नकोच. मी स्वतःची जीभ अशी चावली की डोळ्यांतून पाणी आलं.

आणि मग नदी दिसली. खरं सांगते, मी पाण्याकाठी जन्म काढला, पण ते पाणी निळ्या फरशीतलं आणि क्लोरीनच्या वासाचं. ही बया हिरवीगार होती, झाडांमधून वळण घेत यायची, एका कातळावरून खाली उडी टाकायची आणि पुढे इतकी शांत व्हायची की तळाचे गोटे मोजावेत. मी उथळ पाण्यात पाय सोडून बसले, डबा उघडला. वारा होता, पक्षी होते. थोडा वेळ तर मी कुणाकडेच पाहत नव्हते, फक्त पाण्याकडे. वाटलं, अगं बाई, लोक यासाठी येतात होय!

तेवढ्यात तो आला.

चांगला धडधाकट बाप्या, अंगात कॉलरचा कडक शर्ट, सोबत बायको आणि सहाएक वर्षांची चुणचुणीत मुलगी. त्याला फोटो काढून घ्यायचा होता. त्यासाठी तो पाण्यातल्या मोठ्या खडकावर चढला. खडकावर शेवाळ, माझ्या बाजूला गुडघाभर पाणी, पलीकडच्या बाजूला काळाशार डोह. बायको काठावरून मोबाइल धरून सांगतेय, "थोडं मागे. अजून मागे हो, म्हणजे धबधबा येतो." आणि हा शहाणा न बघता एकेक पाऊल मागे जातोय!

माझी दोन बोटं तोंडात गेली. शिट्टी लेकीच्या पर्समध्ये असली तरी बोटं माझीच ना. मी बोटांनी वाजवली तर अख्खा तलाव रिकामा होतो. पण त्या क्षणी मला स्टुलावरचा जावई दिसला. दचकला तर? थेट डोहात जाईल. बरं, "दादा, खाली उतरा" म्हणावं, तर ते टोकणं झालं. लेकीला काय सांगू? दाराशी ठेवलेली बॅग डोळ्यांसमोर आली. जीव नुसता टांगणीला लागला.

मग मला सुचलं. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा फारच खूश झाले. म्हटलं, त्याला खाली उतरवायचं नाही, बोलवायचं. मी उठले, खडकाच्या दिशेने चार पावलं गेले आणि पाय घसरल्याचं सोंग करून बदकन पाण्यात बसले. "अहो, धरा हो कुणीतरी! बुडाले!"

गुडघाभर पाण्यात. माझ्या तलावावर कुणी असा तमाशा केला असता तर मी त्याचं कार्डच रद्द केलं असतं.

मला वाटलं होतं, तो माझ्या बाजूने जपून उतरेल, हात देईल, मी आभार मानीन, विषय संपला. पण गडी निघाला शूर. "मावशी, घाबरू नका! मी आहे!" असं ओरडला आणि मारली उडी. कुठे? डोहात!

वर आला तो पाणी गिळतच. हात असे आपटत होता की दुरूनच कळलं, याला पोहायचं अ की ठ येत नाही. मग मात्र मी सोंग सोडलं. खडकाला वळसा घालून पाण्याखालून गेले, मागून त्याची कॉलर धरली आणि ओढायला लागले. हा पठ्ठ्या माझा दुसरा हात घट्ट धरून खोकत खोकत सांगतोय, "सोडू नका... मावशी... मी धरलंय तुम्हाला!" म्हटलं, धर बाबा, धर. कमरेने ढकलत त्याला उथळात आणला. पाय टेकल्याबरोबर तो ताडकन उभा राहिला आणि त्याने माझा हात खेचून मला वर काढलं.

काठावर टाळ्या!

कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी माझ्या अंगावर टॉवेल टाकला. एक आजोबा म्हणाले, "या वयात पाण्यात उतरायची हौस कशाला?" माझ्याच वयाचे होते मेले. तेवढ्यात वनरक्षक धावत आला, आणि त्याने मला, मला, पाण्याजवळ घ्यायच्या काळजीवर व्याख्यान दिलं. ओल्या दगडावर पाय ठेवू नये. एकटीने पाण्यात उतरू नये. माझीच वाक्यं मला ऐकवत होता! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंड उघडलं, आता एकेकाची हजेरीच घेते म्हटलं.

पण ती चिमुरडी बापाच्या ओल्या पायाला मिठी मारून उभी होती. दिसेल त्याला सांगत होती, "माझ्या बाबांनी आजीला वाचवलं." आणि तो बाप, नाकातून पाणी गळतंय, ओठ थरथरतायत, तिच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं का काय झालं ते? मला वाटतं, होतं. थोडंसं.

मी तोंड मिटलं. मग परत उघडलं आणि म्हणाले, "हो गं बाळा. फार उपकार झाले तुझ्या बाबांचे."

आयुष्यात इतकं जड वाक्य मी कधी उचललं नव्हतं.

माझा मोबाइल खिशातच भिजून मेला होता. त्या बाप्याची बायको भली होती. "घरी कुणाला कळवायचंय का?" म्हणाली. लेकीचा नंबर मला पाठ. तिने निरोप पाठवला, आणि सोबत फोटोही. हो, या सगळ्या गोंधळात तिचा मोबाइल चालूच होता! लगेच लेकीचा फोन आला. बायकोने तो माझ्या हातात दिला आणि तिघंही काळजीने माझ्याभोवती उभी राहिली.

"आई! बुडालीस? तू?"

"बरी आहे मी. एका भल्या माणसाने काढलं."

"किती खोल होतं?"

"असं काही नाही. होतं आपलं."

पलीकडे ती फोटो मोठा करून बघत होती, हे मला नंतर कळलं. जीवरक्षकाची पोर ती. लहानपणी माझ्या खुर्चीखाली बसून अभ्यास केलेला, कोण कुणाला कसं ओढतं हे तिला डोळे मिटून कळतं.

"आई, तुझा डावा हात त्याच्या कॉलरवर आहे."

मी अंगावरचा टॉवेल घट्ट ओढून घेतला.

"त्याला पोहता येतंय असं दिसत नाहीये."

"नाही."

"ते लोक तिथेच आहेत का?"

"हो."

"आणि त्यांना वाटतंय की त्याने तुला..."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस? सगळ्यांसमोर? एका शब्दाने बोलली नाहीस?"

"नाही," मी म्हणाले. "उलट सगळ्यांनी मलाच झापलं."

आधी मला वाटलं ती हसतेय. मग कळलं, नुसती हसत नाहीये. नाक ओढत म्हणाली, "उद्याची गाडी पकड आई. मला फार भीती वाटतेय गं. तू ये."

"शिट्टी?"

"माझ्याकडेच राहू दे."

"राहू दे," मी म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. एवढ्या लोकांत रडायची मला सवय नाही. पण केस, ओढणी, सगळं ओलंच होतं, म्हणून बरं.

कुणाला कळलं नाही, त्या चिमुरडीशिवाय. तिने माझं बोट धरलं आणि हळूच म्हणाली, "आजी, रडू नका. परत पडलात तर बाबा आहेत ना."

"आहेत ना," मी म्हणाले. बाबा तिकडे वळून कॉलर पिळत होते.