सदुसष्टाव्या वर्षी दाखवण्याचा कार्यक्रम

इंदुताईंना माणसांपेक्षा नटबोल्ट लवकर कळतात, हे भोसरीच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणी विभागात त्यांची हयात गेली. हातातला नग नुसता बघून त्या ‘रिजेक्ट’ म्हणत. समोरचं माणूस मघापासून जांभया देतंय, हे मात्र त्यांना कधी दिसलं नाही. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार होता आणि ताथवड्याला ज्वारी डोलत होती. अशा बाईला लोक सरळ विक्षिप्त म्हणत, आणि तरी हळदीकुंकवाला बोलावत. आता त्या ज्वारीवर कॉलेजं उभी राहिली आणि विक्षिप्तपणा तपासणारे डॉक्टरही आले.

लेकीनं, दिव्यानं, एक व्हिडिओ पाठवला. मोठ्या वयाच्या बायकांमधला ऑटिझम, असा विषय. खाली लिहिलं होतं, ‘आई, हे बघताना मला सारखी तूच दिसत होतीस.’ इंदुताईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि उत्तर पाठवलं, ‘त्या बाईंच्या मागची तसबीर वाकडी आहे.’ मग आपण नेमकं काय सिद्ध केलं, याचा विचार करत बसल्या.

पण डॉक्टरांकडे जायचं खरं कारण निराळं होतं. मिस्टर गेले तेव्हा इंदुताई रडल्या नव्हत्या. घर माणसांनी भरलेलं, आणि इंदुताई दारात बसून लोकांच्या चपलांच्या जोड्या लावत होत्या. ‘दगड आहे बाई,’ असं नणंद म्हणाली ते त्यांनी ऐकलं. त्यावर रागवायचं असतं, हे सुचायलाही त्यांना वेळ लागला. तेव्हापासून त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपण दगड आहोत की आपली घडणच वेगळी आहे.

चिंचवडच्या डॉक्टर अंजली म्हणाल्या, “तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी सोबत आणा.” तसं माणूस आता एकच उरलं होतं. तळेगावची थोरली बहीण, सुमनअक्का.

अक्का आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून, हातात लाडवांचा डबा घेऊन.

“हे इंदूनंच केलेत हं,” खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

“मी नाही केले,” इंदुताई म्हणाल्या.

मग त्यांच्या ध्यानात आलं. परकं माणूस घरातल्या मुलीची चौकशी करतंय म्हटल्यावर अक्कांना एकच प्रसंग ठाऊक होता. पिंपरीच्या कामगार कॉलनीत मुली दाखवायचे कार्यक्रम होत. पोहे कुणीही केलेले असोत, सांगताना ते मुलीनंच केलेले असत.

“लहानपणी यांना मैत्रिणी होत्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“ढीगभर. दारात रांग लागायची.”

“त्या तुझ्या मैत्रिणी, अक्का. मी जिन्याखाली बसून फुटक्या बांगड्या रंगाप्रमाणे लावायचे.”

“टापटीप पहिल्यापासून,” अक्कांनी सावरून घेतलं.

“मोठ्या आवाजांचा त्रास?”

“छे. गुणी पोर.”

“काहीतरीच काय? कंपनीचा भोंगा व्हायच्या वेळी तू माझे कान दाबून धरायचीस.”

टेबलाखालून अक्कांची टाच इंदुताईंच्या घोट्यावर बसली.

“पाय का मारतेस?” इंदुताईंनी खणखणीत आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ठरलेलं लग्न मोडावं तसे अक्कांनी डोळे मिटून घेतले.

“नेहमी मारता का पाय?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“मग काय करणार?” अक्कांचा सगळा बेतच ढासळला. “हिला कुठं थांबायचं कळत नाही. कुठं हसायचं, पाहुण्यांना बसा कधी म्हणायचं, काही नाही. मी पाय मारला की मग म्हणायची. आमचे वडील, दादा, गेले तेव्हा मीच चिमटा काढला, तेव्हा रडली. आणि हिचे मिस्टर गेले तेव्हा नेमकी मी पाय मोडून दवाखान्यात. पाय मारायला कुणी नव्हतं हो तिथं. मी बरी होऊन आले तर ही अंगात ताप घेऊन बसलेली. मला विचारते, अक्का, मला काय झालंय ते सांग. मी म्हटलं, अगं बये, याला दुःख म्हणतात.”

उभ्या आयुष्यात नजरेतून एक नग न सुटलेल्या इंदुताई आपल्याच घोट्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटत होतं, सगळ्यांच्याच बहिणी लाथा मारतात.

“म्हणजे मी दगड आहे की नाही?” त्यांनी विचारलं.

“असं काही निदानच नसतं,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्यासारखं मात्र खूप जणींचं असतं. आणखी एकदोनदा भेटू, मग नक्की काय ते कळवते.”

रिक्षात बसल्यावर अक्का हळहळल्या. “कळवते म्हणाली म्हणजे नकारच. माझ्याच तोंडातून गेलं सगळं.”

“गेलं म्हणूनच जमलं.”

अक्कांना ते पटलं नाही. जरा वेळानं त्या म्हणाल्या, “काय गं इंदे, डॉक्टरांनी याला एकदा नाव दिलं की मी पाय मारायचा नाही का?”

इंदुताईंनी प्रश्नाचा नीट विचार केला. चाफेकर चौक मागे पडून रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत केला.

“मारत जा,” त्या म्हणाल्या. “पण कशासाठी ते आधी कानात सांगत जा.”