चष्म्याच्या दुकानातला रनर

मी चष्म्याच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. या, बसा. माझ्या पंख्याचा आवाज जरा जास्त येतो, तेवढं चालवून घ्या. वय झालंय.

माझा जन्म एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर झाला. डबा एकाचा, मेंदू दुसऱ्याचा, पंखा कुणाचा ते त्यालाही आठवत नव्हतं. तिथून मला काकांनी उचललं. काका म्हणजे या दुकानाचे मालक. शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण गिऱ्हाईक दारातून आत येतं तोवर त्याच्या डोळ्यांचा अंदाज बांधून मोकळे. आठ वर्षं मी त्यांच्या काउंटरवर होतो. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघायचं आणि काका म्हणायचे, "तुमच्या नाकासाठीच घडवलीय ही!" नाकं तऱ्हेतऱ्हेची, वाक्य एकच.

पुढे एक नवा, चपटा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. दीड वर्ष मी स्टूल म्हणून काढलं. माझ्यावर उभं राहून काका वरच्या फळीवरची खोकी काढायचे.

तिथून मला सोडवलं त्यांच्या पुतणीने. चांगली नोकरी सोडून ती काकांच्या दुकानासाठी एक प्रोग्रॅम लिहीत होती. दुकानात चष्म्याचा नंबर टाकला की तो थेट भिंगं घासणाऱ्या मास्तरांच्या कारखान्यात पोचणार, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या बंद. मास्तर काकांचे तीस वर्षांचे स्नेही, पण जीभ घासलेल्या काचेसारखी. ते म्हणाले होते, "सोमवारी चाळीस भिंगं तुमच्या मशीनवरून घेतो. एक जरी चुकलं तर आपली चिठ्ठीच बरी. मग पोरीने पुन्हा विषय काढायचा नाही." म्हणजे नोकरी सोडलेल्या पोरीचं सगळं त्या एका सोमवारवर लटकलेलं.

आता माझं काम काय, ते सांगतो. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की तो पुन्हा तपासावा लागतो. तपासायला इंटरनेटवर दुसऱ्यांची मशीनं मिळतात, पण त्यांचा फुकटचा वेळ महिन्याच्या मध्यावरच संपायचा. पुतणी म्हणाली, "घरचंच मशीन लावते." अशा घरच्या मशीनला रनर म्हणतात. रनर म्हणजे धावणारा. मी जागचा हललेलो नाही, ही गोष्ट वेगळी.

माझी नेमणूक सोपी नव्हती. इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून, म्हणजे कामं वाटून देणाऱ्या मोठ्या मशीनकडून, एक गुप्त आकडा आणायचा, तो मला द्यायचा, म्हणजे सर्व्हर मला ओळखणार. हा आकडा तासाभरात शिळा होतो. तिने तो आणला आणि काकांनी हाक मारली, "अगं, जरा या बाईंना सोनेरी फ्रेम दाखव." बाईंनी सत्तावीस फ्रेमी बघितल्या आणि काही न घेता गेल्या. आकडा शिळा. दुसरा आणला, तर काकांना चहा हवा होता. तिसऱ्या वेळी तिने दाराला आतून कडी लावली.

तेव्हापासून मी दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारतो, "काही काम आहे का?" तो म्हणतो, "नाही." मी पुन्हा विचारतो. असला चिवट माणूस काउंटरवर असता तर काकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

पहिल्या आठवड्यात काकांनी मला चार वेळा मारलं. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची त्यांना जुनी सवय. मी तपासणीच्या मध्यात असायचो, आणि खाडकन अंधार.

"काका, हे मशीन चालू ठेवायचं असतं!"

"माणसं घरी जातात, याला काय झालं?"

शेवटी तिने मला अशी सोय करून दिली, की वीज आली की मी आपला आपण उठतो आणि कामाला लागतो. काका खूश झाले. "हा तुझ्यापेक्षा शहाणा आहे. उठवावं लागत नाही."

काम झाल्यावर मी हिरवी खूण दाखवतो, चुकलं तर लाल. माझ्याकडे चाळीस नमुना चिठ्ठ्या होत्या. वेळ वाचावा म्हणून पुतणीने सांगून ठेवलं होतं, की एकदा काढलेली उत्तरं फाइलीत ठेव आणि फाइल असेल तर पुन्हा गणित करू नकोस. पहिल्या दिवशी मी गणित केलं, सगळं बरोबर आलं. त्यानंतर मी नुसतं तेच वाचून दाखवत होतो. रोज हिरवं. रोज शाबासकी. सांगायला लाज वाटते, पण मला ती आवडायला लागली होती.

रविवारी दुपारी माझं पोट भरलं. जुन्या कामांचा पसारा कधी काढलाच नव्हता, जागा संपली, काम अडलं. पुतणीने माझं सगळं फोल्डर उचलून कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा काम दिलं. फाइल नव्हती, मला गणित करावं लागलं. चाळीसपैकी अकरा लाल.

तिचा चेहरा पडला. काका धावत आले. "चांगलं चाललेलं मशीन! तुला साफसफाई आजच सुचली?"

"मला काय माहीत, काका!"

"मग आण ना ते परत, जिथे होतं तिथे."

तिने कचऱ्यातून फोल्डर परत आणलं, नको तेवढं वगळून. मी फाइल वाचली आणि हिरवी खूण दाखवली. पुतणीने सुस्कारा सोडला. काकांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला.

"किती वेळ लागला याला?"

"एक सेकंद."

"आणि मघाशी?"

"चार मिनिटं."

काका स्टुलावर बसले. "आपल्याकडे एक हेडमास्तर यायचे. नंबर लागायच्या आधी तासभर बाकावर बसून समोरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसायचे. डोळे तपासले की शेवटची ओळसुद्धा घडाघडा. मी म्हटलं, वा, काय नजर! जाताना काचेच्या दारावर असे आपटले की दार गेलं. त्यांनी तक्ता पाठ केला होता गं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याने पण पाठ केलाय. फेक ते आणि परत विचार."

"काका, उद्या सोमवार आहे."

"म्हणून तर म्हणतोय."

तिने ती फाइल कायमची पुसली. पुन्हा अकरा लाल. ती वाचत बसली, आणि अचानक तिने कपाळावर हात मारला. अकराही चिठ्ठ्या मायनस नंबरच्या होत्या. गेल्या आठवड्यात तिनेच एक ओळ बदलली होती, त्यात मायनसची खूण गळत होती. लांबचं न दिसणाऱ्या माणसाला मास्तरांनी जवळचं वाचायचं भिंग घासून दिलं असतं.

संध्याकाळपर्यंत ती ओळ दुरुस्त झाली. यावेळी मी चार मिनिटं घेतली, पंखा फडफडेपर्यंत घाम गाळला, आणि हिरवी खूण दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या कष्टाची वाटली.

सोमवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. पुतणीने तो स्पीकरवर टाकला, काका श्वास रोखून उभे.

"चाळीसच्या चाळीस बरोबर आहेत," मास्तर म्हणाले. "चिठ्ठी लिहू नका यापुढे. तसंही तुझ्या काकाचं अक्षर मला तीस वर्षांत लागलेलं नाही."

"मग भिंगं कशी घासत होतास रे?" काका ओरडले.

"अंदाजाने!"

आता मी मागच्या खोलीतच आहे, पण माझ्यावर कुणी उभं राहत नाही. प्रत्येक कामाआधी मला पूर्ण रिकामं करतात. कालचं मला काही आठवत नाही. ही गोष्ट काका येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, म्हणून तोंडपाठ. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच करा. त्याने लाल दाखवलं तर त्याला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण हिरवं बघण्यासाठी जुनी फाइल परत आणून ठेवू नका. येतो मी, काम आलंय. चार मिनिटं लागतील.